अठराबाईंची खरेदी

इर्मगार्ड होल्टकाम्प हे नाव हेलनराटमध्ये टपालवाल्याला ठाऊक होतं आणि पाद्रीबाबांना. बाकी गावाला त्या अठराबाई. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सगळेच म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

अख्खी नोकरी त्यांनी जिल्ह्याच्या बालकल्याण कचेरीत काढली. काम एकच. अठराच्या आतल्या पोरांच्या हाती जे लागू नये ते लागत नाही ना, हे बघायचं. जत्रेतला दारूचा ठेला, शनिवारचा डिस्को, सिगारेटची टपरी, व्हिडिओचं दुकान, कुठेही बाई कधी उगवतील याचा नेम नसे. हातात छत्री, पायात सपाट बूट आणि पर्समध्ये विणकाम. विणकाम का, तर बाईंचा स्वतःपुरता एक कडक नियम होता. स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर बोट ठेवायचं नाही. रक्ताने माखलेला सिनेमा असो की धडाधड मुडदे पाडायचा पडद्यावरचा खेळ, कचेरीतले पडदे ओढून घेऊन त्या तो बघायच्या, बघता बघता मोजे विणायच्या, आणि शेवटची नावं सरकून गेल्यावरच काय ते मत द्यायच्या. गावातल्या निम्म्या तान्ह्या बाळांच्या पायांत जे मोजे होते, ते असल्या भयंकर गोष्टी बघत विणलेले होते. बाळांना काय त्याचं!

बाजारपेठेतल्या योखेन लिनेमानच्या व्हिडिओच्या दुकानावर त्यांची खास नजर असे. एकदा लिनेमानने एका दाढीवाल्या धिप्पाड गिऱ्हाइकाला मोठ्यांचा खेळ विकला. गिऱ्हाइकाचा आवाज घागरीतून आल्यासारखा. दारातच अठराबाईंनी गिऱ्हाइकाला थांबवलं, कार्ड मागितलं, आणि निघाला तो सतरा वर्षांचा! लिनेमानला दंड झाला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो बाई, दाढी होती हो त्याला!"

"दाढी कायद्याला दिसत नाही, लिनेमान," बाई म्हणाल्या. "कायद्याला कार्ड दिसतं. पुढे पांढऱ्या दाढीचा आला तरी कार्ड मागायचं. आणि वाहन परवाना दाखवला तर चालणार नाही, त्यावरचे फोटो लग्नाआधीचे असतात. ओळखपत्र, नाहीतर पासपोर्ट."

तेव्हापासून लिनेमानने तोच धर्म पाळला. निवृत्त वनरक्षक आला, कार्ड. चर्चमध्ये वाद्य वाजवणारे मास्तर आले, कार्ड. म्हातारे चिडायचे, "अरे, तुझ्या बापाबरोबर शाळेत होतो मी!" लिनेमान गल्ल्यामागून शांतपणे म्हणायचा, "अठराबाईंना विचारा."

त्यात आणखी एक प्रकार होता यादीचा. काही खेळ इतके जहाल ठरत की ते सरकारी यादीत जात. यादीतला खेळ मोठ्या माणसाने घ्यायला बंदी नव्हती, पण दुकानदाराने तो मांडायचा नाही, भिंतीवर त्याचं चित्र लावायचं नाही, त्याचं गुणगानही करायचं नाही. तो बंद कपाटात ठेवायचा. गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितला तरच कपाट उघडायचं. आता जे दिसतच नाही ते मागायचं कसं? पेन्शनीला आलेले बाप्ये दुकानात शिरायचे, उगाच कार्टून सिनेमे चाळायचे, दुकान रिकामं झालं की गल्ल्यावर ओणवे होऊन कुजबुजायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार सगळा. काहीजण तर सुट्टीच्या नावाखाली गाडी काढून यादी नसलेल्या ऑस्ट्रियात जायचे आणि तिथून खेळ घेऊन यायचे. बायकोला सांगायचे, डोंगर बघायला गेलो होतो. अठराबाईंना अशा लोकांची कधी कीव आली नाही. "मोठे आहात ना तुम्ही?" त्या म्हणायच्या. "मग मोठ्यांसारखं मागा की मोकळ्या आवाजात!"

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. बाईंची एकुलती एक मुलगी वीबके हँबुर्गला गेली आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली. खेळातली घरं, गल्ल्या, जिने ती बांधायची. नाताळच्या जेवणावर नणंदेने, म्हणजे हेडविगने, सगळ्यांसमोर विचारलं, "वीबके नेमकं करते काय गं?" बाईंनी बदकाच्या मांसाची फोड वाढता वाढता सांगितलं, "कॉम्प्युटरवर कायसं चित्रं काढते." वीबके समोरच बसली होती. तिने ताट पुढे सारलं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. "आई, अभिनंदन. आमचा 'राखेचा हिवाळा' तुझ्या यादीत गेला."

बाई पटकन म्हणाल्या, "मग योग्यच असणार ते."

"तू बघितलास?"

"तो बघायला कशाला पाहिजे?"

मग वीबके म्हणाली, "दुनियेचा कचरा तू मोजे विणत शेवटपर्यंत बघितलास, आई. न बघता दोषी ठरवलंस ते फक्त माझं काम. बाबांच्या उत्सवाला मी येईन. पण माझ्या कामाबद्दल तू एक अक्षर बोलायचं नाहीस. चांगलं नाही आणि वाईटही नाही. तो हक्क तुला नाही."

फोन ठेवून बाई स्वयंपाकघरातल्या बाकावर बसून राहिल्या. आयुष्यात त्यांना कुणी नियमात पकडलं नव्हतं. आज पोटच्या पोरीने पकडलं होतं, तेही त्यांच्याच नियमात, आणि पोरगी बरोबर होती. बाईंना रडू आलं नाही, राग आला; आणि तो स्वतःचा होता म्हणून फारच आला.

बाबांचा उत्सव म्हणजे जुलैमधला नेमबाजीचा मेळा. आमच्या डोंगराळ मुलखात वर्षाचा खरा सण तोच. उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात, गावातले पुरुष खऱ्या बंदुकीने त्याच्यावर गोळ्या झाडतात, आणि ज्याच्या गोळीने तो खाली येतो तो वर्षभराचा राजा. बँड वाजतो, बिअर वाहते, कडेवरची पोरं टाळ्या पिटतात. त्याला कुणी यादीत घालत नाही. बाईंचे यजमान एवाल्ड पंचवीस वर्षांपूर्वी राजा झाले होते, आणि आमच्याकडे पंचवीस वर्षं झालेल्या राजाला पुन्हा मानाची साखळी घालून मिरवतात. वीबके येणार होती ती त्यासाठी. तोवर बाईंना तो खेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. नाहीतर पोरगी येणार, हवापाण्याच्या गप्पा मारणार आणि जाणार. आणि मग आयुष्यभर तेवढंच उरणार. हे त्यांना पक्कं कळलं होतं.

मुलीकडे मागायला तोंड कुठे राहिलं होतं? शहरातल्या मोठ्या दुकानात जाऊन आल्या. तिथला विक्रेता खेळाचं नाव ऐकून असा मागे सरकला, जणू बाईंनी बॉम्बच मागितला. "यादीतलं आम्ही ठेवतच नाही. कोण भानगडीत पडणार?" म्हणजे पुन्हा आपला लिनेमान.

एका शनिवारी सकाळी, दुकान भरलेलं असताना, अठराबाई आत शिरल्या. रिकाम्या वेळी जाणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. लिनेमानने त्यांना पाहिलं आणि हातातल्या डबीचं झाकण त्याच्या हातून खाली पडलं.

"गुड मॉर्निंग, लिनेमान. 'राखेचा हिवाळा' द्या." मोकळ्या आवाजात.

वनरक्षकसाहेब कार्टूनच्या कप्प्यापाशी उभे होते, ते तिथेच थिजले.

"असलं काही आमच्याकडे नसतं, होल्टकाम्पबाई," लिनेमान म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"असतं. मागच्या कपाटात, खालच्या खणात. यादीतले खेळ तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं."

"बाई, तुम्ही निवृत्त झालात ना? मग ही तपासणी कसली?"

"तपासणी नाही, खरेदी आहे."

"माझ्या डोक्यावर पांढरे केस तुमच्याच तपासण्यांनी आलेत," तो हळूच म्हणाला. "खरेदी म्हणे!"

"लिनेमान, मी सज्ञान बाई आहे, आणि तुमच्या दुकानात उभी राहून कायद्याने मिळणारी वस्तू कायद्याने मागते आहे. देणार की नाही?"

लिनेमानने एकवार दुकानभर नजर फिरवली. सगळे त्याच्याकडेच बघत होते. एकाएकी त्याची पाठ ताठ झाली. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "कार्ड."

बाईंना हसू आलं. शाब्बास, त्यांच्या मनात आलं. त्यांनी पर्स उघडली, विणकामाखालून ओळखपत्र काढलं, ऐटीत गल्ल्यावर ठेवलं. लिनेमानने चष्मा लावला, कार्ड उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग फार सावकाश म्हणाला, "मुदत मार्चमध्ये संपली आहे."

कार्टूनच्या कप्प्यापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं.

बाईंनी कार्ड परत घेतलं, वाचलं. खरंच संपली होती. निवृत्तीनंतर त्यांना कुणी कार्ड मागितलंच नव्हतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं तपासणाऱ्या बाईला स्वतःचं बघायचं सुचलं नव्हतं. पासपोर्ट त्यांनी कधी काढला नव्हता, सुट्टी दरवर्षी समुद्रातल्या त्याच बेटावर. वाहन परवाना होता पर्समध्ये, फोटो लग्नाआधीचा.

"मी अठराच्या वर आहे यात तुम्हाला काही शंका?" त्यांनी विचारलं.

"मला नाही हो. पण कायद्याला तुमच्या सुरकुत्या दिसत नाहीत, बाई. कायद्याला कार्ड दिसतं."

दुसरी कुणी असती तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. बाईंचे कान लाल झाले, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्या मान ताठ ठेवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. तुम्ही दिला असतात तर मीच तक्रार केली असती." आणि छत्री उचलून निघाल्या. दारात वनरक्षकसाहेबांनी त्यांच्यासाठी दार धरलं आणि टोपीही काढली. अपमान झालेल्याला अपमान झालेलाच ओळखतो.

नगरपालिकेत नवं कार्ड मागायला गेल्या तर खिडकीवरची बाई म्हणाली, "महिनाभर तरी लागेल. राजधानीत छापतात." उत्सव त्याच्या आत होता.

"तात्पुरतं कार्ड लगेच मिळतं ना?"

"मिळतं, पण निकड लागते. प्रवास आहे का कुठे?"

"नाही. एक खेळ विकत घ्यायचाय."

"कसला?"

"माणसं मारायचा."

खिडकीवरच्या बाईने आत हाक मारली, आतून कुणीतरी बाहेर डोकावलं, अठराबाईंना पाहून पुन्हा आत गेलं. "द्या म्हणतात," खिडकीवरची बाई म्हणाली. "पण कारण मी काय लिहू?"

"घरगुती," अठराबाई म्हणाल्या. आणि ते खोटं नव्हतं.

त्या तशाच नव्या कार्डासकट लिनेमानकडे पोचल्या. त्याने पुन्हा चष्मा लावला, पुन्हा कार्ड उजेडात धरलं. मग आत गेला, कपाटाची किल्ली वाजली, आणि खेळाची डबी खाकी कागदात गुंडाळूनच घेऊन आला.

"आणि खेळणार कशावर?" त्याने विचारलं. "घरी यंत्र आहे का?"

हे मात्र बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. कचेरीत यंत्र होतं, ते सरकारचं. त्यांचा चेहरा पडलेला पाहून लिनेमान विरघळला. त्याने भाड्याने द्यायचं यंत्र खोक्यात घातलं, तारा कुठे लावायच्या ते समजावलं, आणि शेवटी न राहवून विचारलं, "बाई, खरं सांगा. हे कशासाठी?"

नाताळच्या टेबलावर जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता निघालं, आणि असं निघालं की रस्त्यावर ऐकू गेलं. "माझ्या मुलीने बनवलाय हा! त्यातलं घर न् घर माझ्या वीबकेने बांधलंय. देशोदेशी खेळतात लोक!"

"बाई, बाई, हळू!" लिनेमान गल्ल्यामागून हात हलवू लागला. "दुकानात याचं कौतुक चालत नाही. जाहिरात होते ती! पुन्हा दंड बसेल मला."

"दुकानदाराने केली तर जाहिरात, लिनेमान. आईने केली तर ते कौतुक. कलम मला पाठ आहे."

असं कलम कुठेही नाही. लिनेमानलाही ते ठाऊक होतं. पण त्याने बाईंच्या हातून खोकं घेतलं आणि स्वतः घरापर्यंत पोचवलं.

पुढचे दिवस होल्टकाम्पांच्या दिवाणखान्याचे पडदे ओढलेले असायचे. शेजारणीला वाटलं एवाल्ड आजारी आहेत. एवाल्ड ठणठणीत होते आणि सोफ्यावर बसून पहिल्याच वळणावर मरत होते. खांबावरचा पक्षी पाडलेला माणूस, पण पडद्यावर त्यांची गोळी समोरच्या भिंतीलासुद्धा लागेना. "बंदूक खोटी आहे गं ही," ते कंट्रोलर आपटून म्हणाले, "खऱ्या बंदुकीला निदान वजन असतं."

"तुम्ही सरका," बाई म्हणाल्या.

बाईंना जमलं. लगेच नाही, पण जमलं. युद्धाने उद्ध्वस्त झालेलं शहर, सगळीकडे बर्फ आणि राख, आणि त्यातून एका माणसाला घेऊन नदीपलीकडे जायचं. गोळीबार भरपूर होता, रक्तही होतं. 'अठराच्या आत मुळीच नको,' बाईंनी मनात नोंदवलं, 'यादीची मात्र गरज नव्हती. मी असते तर वाद घातला असता.' विणकाम हाती घ्यायला सवड नव्हती, दोन्ही हात गुंतलेले. पण त्या घरं बघत होत्या. जिन्याचे कठडे, दारांच्या कड्या, खिडकीतली सुकलेली कुंडी. कुणीतरी एकेक वस्तू जीव लावून मांडली होती. एवढं सगळं येतं हिला, बाईंना वाटलं, आणि मी म्हटलं कायसं.

मग एक तळघर लागलं. तिथे पोचल्यावर बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि एवाल्डना हाक मारली.

उत्सवाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. एवाल्ड साखळी घालून मिरवले, बँड वाजला, नवा राजा ठरला. तंबूतल्या लांब टेबलावर होल्टकाम्प मंडळी बसली. वीबके नीट वागत होती. हवा चांगली आहे म्हणाली, सॉसेज चांगले आहेत म्हणाली. आणि हेडविग ती हेडविगच. मोहरी लावता लावता तिने विचारलं, "वीबके, तुझं अजून ते चित्रं काढणंच चालू आहे का?"

वीबकेने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चित्रं नाही, हेडविग," बाई म्हणाल्या. "ती शहरं बांधते. खेळांमधली. मी एक बघितलं, शेवटपर्यंत. पार नावं सरकेपर्यंत. तिचं नाव चौथ्या ओळीत आहे."

वीबकेच्या हातातला काटा थांबला. "काय बघितलंस?"

"तुझा खेळ. लिनेमानकडून विकत घेतला. कार्ड दाखवून."

"खोटं! अगं, तुला तर दुसऱ्या पुलापलीकडेसुद्धा—"

"दुसऱ्या पुलावर डावीकडून जायचं, उजवीकडे तो छपरावरचा नेमबाज बसलेला असतो," बाई म्हणाल्या. "आता मला बोलायचा हक्क आहे की नाही, ते सांग."

वीबकेने मान डोलावली. आहे.

"मग ऐक. पाणीटाकीचा जिना फार अरुंद केलास, तिथे मी बारा वेळा मेले. आणि नदीकाठचं ते तळघर." बाईंनी काटा खाली ठेवला. "फळीवर आंबट चेरींच्या बरण्या आहेत. चिठ्ठ्यांवर साल लिहिलंय, सातचा आकडा मधे रेघ मारून, मी काढते तसा. खाली बर्फावर घसरायचा तुझा लाल स्लेज आहे. तिथे शत्रू येत नाही. आणि माझी बंदूकही चालेना. मी कितीदा बटण दाबलं, नुसतं टकटक. बिघाड आहे तो, कळव तुझ्या कंपनीला."

"बिघाड नाही, आई."

"मग का चालत नाही?"

वीबके हसत होती आणि डोळे पुसत होती. "आपलं तळघर आहे ते. तिथे कुणी गोळी झाडलेली तुला चाललं असतं का?"

बाहेर बँड पुन्हा सुरू झाला होता.

"नसतं चाललं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या ताटातलं सॉसेज कापून त्यांनी अर्धं मुलीच्या ताटात वाढलं.